यंत्राला लावलेला कौल

एखाद्या गावात मन सुन्न करणारा गुन्हा घडतो. तपास चार-आठ दिवस रेंगाळतो. मग मोर्चा निघतो, जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन दिले जाते, आणि त्या निवेदनात अलीकडे एक मागणी हटकून असते : 'संशयितांची नार्को चाचणी करा.' दूरचित्रवाणीवरील चर्चेतही हीच मागणी होते आणि राजकीय पुढारीही एकमेकांना हेच आव्हान देतात. एकदा माणसाला यंत्राला जोडले, किंवा शिरेत सुई टोचली, की दुधाचे दूध आणि पाण्याचे पाणी होईल, अशी आपल्या समाजाची जणू श्रद्धाच होऊन बसली आहे. पूर्वी देवाला कौल लावीत, आता यंत्राला लावतात.

ही श्रद्धा तपासून पाहणे अगत्याचे आहे. या यंत्रांच्या कौलावर माणसांचे स्वातंत्र्य, अब्रू आणि कुटुंबाचे सुख अवलंबून राहते. शिवाय गेल्या दोन दशकांत महाराष्ट्राने या चाचण्यांचा जो अनुभव घेतला, त्यातून आपल्या विचारांच्या माणसांनीही काही शिकण्यासारखे आहे.

यंत्र नेमके काय मोजते?

ज्याला आपण 'खोटे पकडणारे यंत्र' म्हणतो, त्या पॉलिग्राफला खोटे म्हणजे काय हे ठाऊक नसते. संशयिताच्या छातीभोवती व पोटाभोवती लवचिक नळ्या बांधतात. त्या श्वासाची गती व खोली टिपतात. दंडाला रक्तदाबाचा पट्टा लावतात. बोटांना धातूच्या पट्ट्या लावून घामामुळे त्वचेच्या विद्युत्‌वाहकतेत होणारा सूक्ष्म बदल मोजतात. श्वास, नाडी, रक्तदाब आणि घाम, एवढ्याच गोष्टींच्या रेषा कागदावर किंवा संगणकाच्या पडद्यावर उमटतात. त्या रेषांचा अर्थ लावतो तो समोर बसलेला परीक्षक, म्हणजे माणूसच.

प्रश्न तीन प्रकारचे असतात. काही निरुपद्रवी असतात : 'आज मंगळवार आहे का?' काही तुलनेसाठी असतात : 'आयुष्यात तुम्ही कधी कोणाची वस्तू न विचारता घेतली आहे का?' आणि काही थेट गुन्ह्याविषयी : 'कपाटातील दागिने तुम्ही घेतले का?' निरपराध माणूस तुलनेच्या प्रश्नाने अधिक अस्वस्थ होईल आणि अपराधी थेट प्रश्नाने, असे येथे गृहीत धरलेले असते. साऱ्या पद्धतीचा डोलारा या एका गृहीतकावर उभा आहे.

आता सामान्य कुटुंबातील एखाद्या कारकुनाचा विचार करा. ज्याने आयुष्यात कधी पोलीस ठाण्याची पायरी चढलेली नाही, त्याला खोलीत बसवून, अंगाला तारा लावून 'खून तुम्ही केला का?' असे विचारले, तर त्याचे काळीज धडधडणार नाही काय? उलट मुरलेला गुन्हेगार शांत बसू शकतो. तुलनेच्या प्रश्नाच्या वेळी जीभ चावून किंवा मनातल्या मनात अवघड गणिते करून रेषा बिघडवता येतात, हेही तज्ज्ञांना ठाऊक आहे. यंत्र भय टिपते. ते भय अपराधाचे आहे, अपमानाचे आहे की आपल्यावर अन्याय होईल या धास्तीचे आहे, हे यंत्राला कळत नाही.

याहून बरी एक पद्धत आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड लिकेन यांनी १९५९ साली ती मांडली. जी माहिती केवळ गुन्हेगारालाच असू शकते, उदाहरणार्थ शस्त्र कोणते होते वा प्रेत कोणत्या खोलीत होते, तिचे चार-पाच पर्याय संशयितासमोर ठेवायचे आणि खऱ्या पर्यायाला शरीर वेगळा प्रतिसाद देते का, ते पाहायचे. जपानचे पोलीस ही पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरतात. पण तिची एक अट आहे : गुन्ह्याचा तपशील गुप्त राहिला पाहिजे. आपल्याकडे पंचनाम्याची शाई वाळण्याआधी सारा तपशील वाहिन्यांवर झळकतो. मग त्या माहितीने निरपराधाचेही शरीर दचकणारच.

विश्वासार्हतेचा हिशेब

अमेरिकेत बर्कले येथील पोलीस दलात जॉन लार्सन यांनी १९२१ साली आधुनिक पॉलिग्राफ तयार केला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९२३ मध्ये, वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने अशाच रक्तदाबावर आधारित चाचणीचा निष्कर्ष पुरावा म्हणून नाकारला. शास्त्रज्ञांमध्ये तिला सर्वमान्यता नाही, असे कारण न्यायालयाने दिले. हा वाद शंभर वर्षांनंतरही मिटलेला नाही.

अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००३ साली या विषयावर सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. विशिष्ट घटनेच्या तपासात, चाचणी चुकवण्याचे शिक्षण न घेतलेल्या माणसांबाबत, पॉलिग्राफ निव्वळ नाणेफेकीपेक्षा पुष्कळ बरा ठरतो. पण अचूकतेपासून तो फार दूर आहे, असा तिचा निष्कर्ष होता. सरसकट सर्वांची चाचणी घेण्याबाबत तिने दिलेले एक गणित ध्यानात ठेवण्याजोगे आहे. दहा हजार कर्मचाऱ्यांत दहा हेर आहेत असे समजा. दहांपैकी आठ सापडावेत इतके यंत्र कडक ठेवले, तर त्या आठांबरोबर सुमारे सोळाशे निरपराध माणसेही 'खोटी' ठरतात, आणि दोन हेर तरीही निसटतात.

हे केवळ कागदी गणित नव्हे. अमेरिकेच्या सीआयए या गुप्तचर संस्थेतील ऑल्ड्रिच एम्स हा अधिकारी सोव्हिएत संघाला गुपिते विकत असतानाच १९८६ आणि १९९१ साली पॉलिग्राफ चाचणीतून सुखरूप पार पडला. १९९४ मध्ये तो पकडला गेला, तोपर्यंत अनेक माणसांचे प्राण त्याच्या फितुरीने गेले होते. यंत्रावर विसंबणाऱ्याची अशी दुहेरी हानी होते. निरपराध अडकतो आणि फितूर उजळ माथ्याने फिरतो.

सुईतून आलेले 'सत्य'

नार्को चाचणीची कथा आणखी निराळी. सोडियम पेंटोथॉल हे शस्त्रक्रियेपूर्वी भूल देण्यासाठी वापरले गेलेले औषध मोजक्या मात्रेत शिरेतून देतात. माणूस अर्धवट गुंगीत जातो, त्याचा संयम सैलावतो आणि तो बोलू लागतो. पण गुंगीतला माणूस सत्यच बोलतो, याला आधार काय? त्या अवस्थेत कल्पना, आठवण, भीती आणि प्रश्नकर्त्याने सुचविलेले शब्द यांची सरमिसळ होते. दारूच्या अमलाखालील माणूस किती खरे बोलतो, हे आपण गावोगावी पाहतोच.

महाराष्ट्राने हा प्रकार तेलगी प्रकरणात पाहिला. बेळगाव जिल्ह्यातील खानापूरच्या अब्दुल करीम तेलगीची नार्को चाचणी बंगळुरूत झाली. तिची चित्रफीत २००६ साली वाहिन्यांवर दाखवण्यात आली. गुंगीतल्या तेलगीच्या तोंडून महाराष्ट्रातील बड्या नेत्यांची नावे बाहेर पडली आणि घराघरांत त्यावर चर्चा झाली. पुढे काय झाले? त्या चित्रफितीच्या बळावर एकाही नेत्याला शिक्षा झाली नाही. ज्यांची नावे आली ते खरोखर निर्दोष असतील तर त्यांच्यावर अन्याय झाला. दोषी असतील तर तपासाअभावी ते सुटले. दोन्ही प्रकारे न्यायाची हानीच झाली. शिवाय ज्या बंगळुरूच्या प्रयोगशाळेत देशभरातील गाजलेल्या खटल्यांतील संशयितांच्या चाचण्या होत, तेथील नार्कोतज्ज्ञ महिलेलाच २००९ साली बनावट कागदपत्रांच्या आरोपावरून सेवेतून काढण्यात आले.

तिसरा प्रकार मेंदूच्या विद्युत्‌लहरींचा. पुण्यात २००८ साली सत्र न्यायालयाने एका विद्यार्थिनीला खुनाबद्दल जन्मठेप दिली, त्यात मेंदूच्या अशा चाचणीच्या अहवालालाही महत्त्व देण्यात आले होते. डोक्यावर टोपी चढवून, डोळे मिटायला सांगून, तिला गुन्ह्याविषयीची वाक्ये ऐकवण्यात आली. ती एक शब्दही बोलली नाही. तरी तिच्या मेंदूत त्या प्रसंगाचा 'अनुभव' साठवलेला आहे, असा अहवाल आला. साऱ्या जगातील शास्त्रज्ञांनी या निकालाबद्दल भुवया उंचावल्या. त्याच वर्षी बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने ही पद्धत शास्त्रीय कसोटीला उतरत नाही, असे मत दिले. पुढे मुंबई उच्च न्यायालयाने त्या विद्यार्थिनीला जामीन मंजूर केला.

आपल्या शास्त्रकारांचा विवेक

सत्य शरीरातून काढून घेण्याचा हा मोह काही नवा नाही. आपल्या स्मृतिग्रंथांत दिव्यांची चर्चा आहे. तुला, अग्नी, जल, विष आणि कोश ही पाच दिव्ये याज्ञवल्क्यांनी सांगितली. चोरीच्या संशयात तांदूळ चावायला देण्याचे दिव्यही धर्मशास्त्रात आढळते. भयाने तोंडाला कोरड पडते, हे निरीक्षण त्यामागे असावे. म्हणजे पॉलिग्राफचे मूळ तत्त्व आपल्या पूर्वजांना अपरिचित नव्हते. मराठेशाहीत वतनाच्या तंट्यांमध्ये उकळत्या तेला-तुपातून धातूचा तुकडा काढण्याचे 'रवादिव्य' होत असे, हे जुन्या महजरांवरून दिसते.

परंतु येथे आपण आपल्या शास्त्रकारांचा विवेक पाहिला पाहिजे. याज्ञवल्क्यांनी पुराव्याचा क्रम लावून दिला : आधी लेख, भोगवटा आणि साक्षीदार, यांपैकी काहीच उपलब्ध नसेल, तरच दिव्य. मानवी पुरावा हाताशी असताना दिव्याकडे धाव घेणे त्यांना मान्य नव्हते. आज आपण नेमके उलटे करतो. पंचनामा धड नाही, साक्षीदार तपासलेले नाहीत, आणि पहिली मागणी नार्कोची!

कौटिल्य तर याहून पुढे गेला. संशयिताला आदल्या दिवशी व रात्री तो कोठे होता, कोणासोबत होता, हे विचारून त्याची पडताळणी करावी, असे तो सांगतो. आणि छळाच्या भीतीने चोर नसलेला माणूसही 'मी चोर आहे' असे कबूल करतो, म्हणून पुरावा पूर्ण झाल्यावरच दंड करावा, असा इशारा देतो. उदाहरण देतो ते माण्डव्य ऋषींचे. महाभारतात त्यांची कथा अशी की, चोरांनी लूट त्यांच्या आश्रमात लपवली. मौनव्रतात असलेल्या ऋषींनी राजाच्या शिपायांना उत्तर दिले नाही. त्या मौनालाच अपराध समजून त्यांना सुळावर चढवण्यात आले. 'चोर सोडून संन्याशाला सुळी' ही आपली म्हण याच अनुभवातून आली असेल काय, असे वाटते.

नकार म्हणजे कबुली नव्हे

माण्डव्यांच्या मौनाचा हा प्रश्न अलीकडे आपल्या दाराशी आला होता. कोल्हापूरच्या गोविंद पानसरे हत्या प्रकरणात सप्टेंबर २०१५ मध्ये सांगलीतून एका तरुणाला अटक झाली. तपास पथकाने त्याच्या ब्रेन मॅपिंगची परवानगी मागितली. त्याने संमती नाकारली आणि कोल्हापूरच्या न्यायालयाने ती मागणी फेटाळली. त्या खटल्याचा गुणदोष हा या लेखाचा विषय नाही. तो न्यायालयाने पाहावयाचा आहे. पण तेव्हा अनेक पुरोगामी म्हणवणाऱ्यांनी विचारलेला प्रश्न लक्षात ठेवण्यासारखा आहे : 'निर्दोष असेल तर घाबरतो कशाला?'

या प्रश्नाचे उत्तर देशाच्या राज्यघटनेने दिलेले आहे. कोणत्याही आरोपीला स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्याची सक्ती करता येणार नाही, असे अनुच्छेद २० (३) सांगतो. त्याच्या आधारे ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने, सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या प्रकरणात, पॉलिग्राफ, नार्को आणि मेंदूची चाचणी या तिन्ही गोष्टी संमतीविना करता येणार नाहीत, असा निर्णय दिला. संमती दिली तरी चाचणीचा निष्कर्ष हा स्वतः पुरावा ठरत नाही. त्या माहितीवरून पुढे एखादी वस्तू वा बाब हाती लागली, तरच ती कायद्याने विचारात घेता येते. संमती न्यायदंडाधिकाऱ्यापुढे नोंदवली पाहिजे आणि वकिलाचा सल्ला मिळाला पाहिजे, ही राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाची २००० सालची तत्त्वेही न्यायालयाने बंधनकारक मानली. ९ जून २०२५ रोजी बिहारमधील एका प्रकरणात न्यायालयाने पुन्हा हेच बजावले.

हा निर्णय २०१० ऐवजी २००८ पूर्वी आला असता तर? २९ सप्टेंबर २००८ रोजी मालेगावात स्फोट झाला. साध्वी प्रज्ञासिंह ठाकूर यांना अटक करून त्यांच्यावर पॉलिग्राफ, ब्रेन मॅपिंग आणि नार्को अशा साऱ्या चाचण्या करण्यात आल्या. 'सूत्रां'च्या हवाल्याने रोज नव्या बातम्या पसरल्या आणि 'भगवा दहशतवाद' हा शब्द रूढ करण्यात आला. सतरा वर्षांनी, ३१ जुलै २०२५ रोजी, मुंबईतील विशेष न्यायालयाने पुराव्याअभावी सर्व सातही आरोपींना निर्दोष मुक्त केले. संशय कितीही दाट असला तरी तो पुराव्याची जागा घेऊ शकत नाही, हेच या निकालाचे सार आहे. दरम्यान गेलेली वर्षे कोण परत देणार? आणि त्या स्फोटात मृत्युमुखी पडलेल्या सहा जणांच्या कुटुंबांना तरी काय मिळाले?

आता याच न्यायबुद्धीने दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. मालेगावातच २००६ साली झालेल्या स्फोटांत मुस्लिम तरुणांना अटक झाली होती. त्यांच्याही नार्को चाचण्या झाल्या, आणि एप्रिल २०१६ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले. सुई तीच आणि गुंगीही तीच. साध्वींवर झालेला प्रकार आपल्याला अन्याय वाटतो. मग आपल्याला न पटणाऱ्या माणसाच्या बाबतीत तोच प्रकार न्याय कसा ठरेल? तत्त्व म्हटले की ते आपल्या-परक्यांना सारखेच लागू व्हावयास हवे.

वसईच्या श्रद्धा वालकर या तरुणीच्या निर्घृण हत्येनंतर २०२२ मध्ये आपल्यापैकी प्रत्येकाचे रक्त उसळले, ते स्वाभाविकच होते. आरोपीच्या पॉलिग्राफ आणि नार्को चाचण्या दिल्लीत झाल्या. महिनाभर साऱ्या देशाचे लक्ष त्या चाचण्यांकडे होते. पण त्या प्रकरणात अधिक मोलाचे काय ठरले? जंगलातून शोधलेल्या अस्थी आणि त्यांचा श्रद्धाच्या वडिलांच्या डीएनएशी जुळलेला नमुना. ज्याला मुलीसाठी न्याय हवा आहे, त्याने अस्थींच्या त्या तुकड्यांची काळजी यंत्राच्या रेषांपेक्षा अधिक वाहिली पाहिजे.

तपासाला पर्याय नाही

या चाचण्यांच्या समर्थनार्थ एक युक्तिवाद नेहमी केला जातो : यंत्र आले तर पोलिसांची 'थर्ड डिग्री' थांबेल. युक्तिवाद आकर्षक आहे, पण अनुभव वेगळे सांगतो. नोव्हेंबर २०१७ मध्ये, म्हणजे या चाचण्या देशात रुळून दोन दशके होत आली असताना, सांगली शहरात लुटीच्या किरकोळ गुन्ह्यात पकडलेल्या एका तरुणाचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला. त्याचा मृतदेह आंबोली घाटात नेऊन जाळण्यात आला आणि आरोपी पळून गेल्याचा बनाव रचण्यात आला, असा ठपका पोलिसांवरच आला. अनेकांना अटक झाली. काठी आणि सुई या दोन्हींच्या मुळाशी एकच वृत्ती आहे : पुरावा गोळा करण्याचे कष्ट टाळायचे आणि संशयिताच्या देहातून कबुली काढायची.

त्याच्या अगोदरच्याच वर्षी, ऑगस्ट २०१६ मध्ये, सातारा जिल्ह्यातील वाईजवळ धोम येथे काय झाले ते आठवा. एका बेपत्ता महिलेचा शोध घेताना पोलीस एका डॉक्टर म्हणवणाऱ्या इसमापर्यंत पोचले आणि त्याच्या जागेतून एकामागून एक मानवी अवशेष उकरून काढण्यात आले. बेपत्ता माणसांच्या नोंदी, चौकशी आणि खोदकाम या जुन्याच मार्गाने ते प्रकरण उजेडात आले. पोलिसांपुढील कबुलीला कायद्यात किंमत नाही; त्या कबुलीवरून जमिनीतून जे निघते त्याला आहे. सातारचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येच्या खटल्यात १० मे २०२४ रोजी पुण्याच्या विशेष न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली आणि तिघांना मुक्त केले. दाभोलकरांच्या विचारांशी आपले मतभेद कितीही असोत, त्या निकालाचा आधार होता प्रत्यक्षदर्शींच्या साक्षी, हे नोंदवलेच पाहिजे.

१ जुलै २०२४ पासून देशात नवे फौजदारी कायदे लागू झाले आहेत. सात वर्षे वा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करणे हा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचा दंडक झाला आहे. राज्यांना त्याच्या अंमलबजावणीसाठी पाच वर्षांची मुदत आहे. आपल्या शक्तीचा उपयोग येथे झाला पाहिजे. तालुक्याच्या ठाण्यात प्रशिक्षित माणूस आहे काय, मुद्देमाल मोहोरबंद करण्याची व्यवस्था आहे काय, प्रयोगशाळेचा अहवाल वेळेत येतो काय, साक्षीदाराला संरक्षण मिळते काय, हे प्रश्न घेऊन कार्यकर्त्यांनी लोकप्रतिनिधींकडे गेले पाहिजे. नार्कोच्या घोषणेला टाळ्या पडतील, पण आरोपीला शिक्षा होईल ती या कंटाळवाण्या वाटणाऱ्या कामामुळेच. घटनास्थळी गर्दी करून पुरावा तुडवला जाऊ न देणे आणि जे पाहिले ते न्यायालयात निर्भयपणे सांगणे, एवढे तर प्रत्येक कुटुंबाच्या हातात आहे. शेजाऱ्याच्या घरी चोरी झाली तर साक्ष द्यायला आपण कचरतो, आणि सत्य मात्र यंत्राने शोधावे अशी अपेक्षा धरतो!

साताऱ्याजवळ कृष्णा-वेण्णेच्या संगमावरील माहुलीने या देशाला रामशास्त्री प्रभुणे दिले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. चौकशी करून रामशास्त्र्यांनी राघोबादादांचा दोष त्यांच्या तोंडावर सांगितला आणि पुणे सोडले. राज्यातील सर्वांत बलवान माणसाविरुद्ध निर्णय देताना त्यांच्यापाशी चौकशी होती आणि ती निभावण्याचे धैर्य होते. सातारा-सांगलीच्या प्रत्येक ठाण्यात आणि प्रत्येक साक्षीदारात तेवढे धैर्य आणि तेवढी चिकाटी आली, तर चोर सुटणार नाही आणि संन्याशी सुळावर चढणार नाही.